कुंभारिणीचं मडकं आणि मोलाची कृपा

सातभाई

रंगकामासाठी घर रिकामं करतोय. हॉलमधल्या स्विचबोर्डाच्या वर कुंभारिणीने, म्हणजे मातीची घरटी करणाऱ्या माशीने, मातीची दोन मडकी चिकटवली होती. गेल्या रविवारी चर्चहून आलो आणि स्क्रूड्रायव्हरने त्यातलं एक खरवडलं. ते फरशीवर पडून फुटलं. आत बारीक हिरव्या अळ्या, सात-आठ तरी असतील, वळकट्या कोंबाव्यात तशा कोंबलेल्या. त्यांच्या मधोमध एक पिवळट, बिनपायाचा, गुबगुबीत जीव एकीच्या कुशीत तोंड खुपसून बसलेला.

मुलगी नऊ वर्षांची आहे. तिने अगरबत्तीच्या काडीने एका हिरव्या अळीला टोचलं, तर अळीचं शेपटाकडचं टोक किंचित हललं. "बाबा, ही मेलेली नाहीये. आणि तो तिला खातोय."

मी सगळं सुपलीत भरून खाली झाडात टाकून आलो. रात्री आम्ही प्रार्थनेला बसतो, तेव्हा तिचं एक ठरलेलं वाक्य असतं, 'हे सुंदर जग दिल्याबद्दल प्रभू तुझे आभार'. त्या रात्री तिने ते गाळलं. मी काही बोललो नाही, पण झोप लागली नाही.

डार्विनचंही असंच कुठेतरी अडलं होतं. मे १८६० मध्ये त्याने अमेरिकेतल्या असा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलं की, जिवंत सुरवंटाच्या शरीरात राहून त्याला आतून खाणाऱ्या माश्या एखाद्या दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम घडवल्या असतील हे मला पटवून घेता येत नाही. ग्रे पक्का ख्रिस्ती होता, आणि अमेरिकेत डार्विनची बाजू लढवणाऱ्यांत पुढेही होता. त्याआधी नऊ वर्षं डार्विनची दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली होती.

आता माझी खरी अडचण. तीन वर्षांपूर्वी माझ्या भावाचा मुलगा डेंगीने गेला. चार वर्षांचा होता. (डेंगीचा डास, म्हणजे मादी, रक्त पिते तेही आपल्या अंड्यांसाठीच. कुंभारिणीसारखीच आई.) कबरस्तानात एकाने भावाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "देवाने आपल्या बागेसाठी फूल खुडून नेलं." भाऊ त्यानंतर चर्चची पायरी चढलेला नाही. आम्ही नगरकडचे, चार पिढ्या ख्रिस्ती. घरात यावर कुणी बोलत नाही.

जर्मन धर्मशास्त्री डीट्रिख बॉनहोफर याने १९३७ साली आलेल्या पुस्तकात दोन कृपांमधला फरक सांगितला. एक सवंग कृपा: पश्चात्ताप नको, मागे चालणं नको, क्रूस नको, नुसती क्षमा वाटत सुटायचं. दुसरी मोलाची कृपा: देवाला स्वतःच्या पुत्राचा जीव मोजावा लागला, म्हणून घेणाऱ्यालाही ती फुकट पचत नाही. ते फुलाचं वाक्य आणि ही सवंग कृपा सख्ख्या बहिणी आहेत असं मला वाटतं. पण मडक्यातली अळी आणि मोलाची कृपा यांचं नातं काय? की काहीच नाही? जाणकारांनी लिहावं. धर्माची टिंगल करायची असेल तर तीही चालेल, पण जरा मेहनत घेऊन करा.

आडसाली

भाऊ, तुमची कुंभारीण म्हणजे आमची बिनपगारी मजूर. उसात खोडकिडा पडला की आम्ही ट्रायकोकार्ड लावतो. पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर वीसेक हजार अंडी चिकटवलेली. त्याच्या पट्ट्या कापायच्या आणि पानाच्या खालच्या अंगाला टाचायच्या. आतून डोळ्यांना दिसणार नाही एवढी माशी निघते आणि किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. किडीचं पिल्लू जन्माला यायच्या आधीच खलास. गेल्या साली फवारणीचा बराच खर्च वाचला.

क्रूर आहे का? असेल. पण चहात साखर घालताना कुणी विचारत नाही.

पैठणी

धागा आवडला. सातभाई, तुम्ही जे मडकं फोडलंत त्यावर आपल्याकडे शतकानुशतकं कीर्तनं झाली आहेत. कीटक-भृंगी न्याय! भृंगी, म्हणजे हीच कुंभारीण, अळीला आणून मातीच्या घरात कोंडते, अळी भयाने तिचंच ध्यान करत राहते आणि ध्यान करता करता स्वतःच भृंगी होऊन उडते. भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत ही आहे. नाथांनी त्याच स्कंधावर एकनाथी भागवत लिहिलं. माझी आजी सांगायची, "तिने अळीला मारलं नाही गं, आपल्यासारखं केलं."

म्हणजे डार्विनला जिथे क्रौर्य दिसलं, तिथे आपल्या संतांना कृपा दिसली. आणि जीव तोच!

सूक्ष्मदर्शी

पैठणीताई, आजीचा दृष्टान्त गोड आहे, पण निरीक्षण अर्धवट आहे. मडक्यात गेली अळी आणि बाहेर आली माशी, एवढं बाहेरून दिसलं. मधे ध्यान झालं की जेवण, हे मडकं फोडल्याशिवाय कळत नाही. सातभाईंच्या मुलीने ते फोडलेलं पाहिलं.

आत काय होतं ते सांगते, मी अकरावी-बारावीला हेच शिकवते. कुंभारीण आधी मडकं घडवते आणि आत छताला बारीक धाग्याने एक अंडं टांगते. मग अळ्या शोधून त्यांना दंश करते. तो जीव घेणारा नसतो, लुळं करणारा असतो. मेलेली अळी दोन दिवसांत सडेल, लुळी अळी ताजी राहते. आपण फ्रिज वापरतो, ती विष वापरते. अंडं टांगलेलं असतं ते बहुधा अशासाठी की, लुळ्या अळ्यांनी थोडी वळवळ केली तरी ते चिरडू नये. तोंड लिंपलं की ती निघून जाते. स्वतःचं पिल्लू ती बहुतेक वेळा कधी बघतही नाही.

अजून एक. आमच्या गावी तळ्याकाठच्या चिंचेवर बगळ्यांचं सारंगागार, म्हणजे घरट्यांची वसाहत, आहे. गायबगळ्याची अंडी एकदम फुटत नाहीत, एकेक दिवसाच्या अंतराने फुटतात. पहिलं पिल्लू धाकट्याहून दोन-तीन दिवसांनी मोठं असतं. खाणं कमी पडलं की थोरली भावंडं धाकट्याच्या डोक्यावर चोची मारत राहतात. आई-बाप तिथेच उभे असतात आणि मधे पडत नाहीत. पावसाळ्यात चिंचेखाली गेलात तर खाली पडलेली पिल्लं दिसतील, आणि त्यांच्यासाठी वाट बघत बसलेलं मांजर. धाकटं पिल्लू म्हणजे विमा. थोरलं दगावलं तर कामाला येणारं.

यात हेतू शोधू नका एवढंच माझं म्हणणं. ज्या मादीने ताजं अन्न साठवलं तिची पिल्लं जगली, बास.

नास्तिक_नाना

मेहनत घेऊन टिंगल करतो. समजा तुमच्या देवाने हे जग केलं. त्यात कुंभारीण केली, डास केला, धाकटा बगळा केला. मग म्हणे त्याला कळवळा आला, पुत्र पाठवला, तो क्रुसावर मेला आणि आपण ती कृपा 'मोलाची' म्हणायची. स्वतःच आग लावायची आणि स्वतःच बंब घेऊन यायचं. वर बंबवाल्याचा हात भाजला म्हणून आपण रडायचं.

आणि हिशेब बघा. हिरव्या अळीला कुणी विचारलं होतं? तिचा क्रूस कुणी गायला?

आगाशीकर

नाना, प्रश्न रास्त आहे. तो बायबलमध्येच आहे, तुमच्याहून तिखट भाषेत. ईयोबाचा ग्रंथ काढा. सगळं घालवून बसलेला माणूस देवाला कोर्टात खेचतो. शेवटी देव वावटळीतून बोलतो, आणि मला तरुणपणी सगळ्यात चीड यायची ती इथे, कारण तो एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. तो प्राणी दाखवत सुटतो. सिंहीण, कावळ्याची भुकेने ओरडणारी पिल्लं, अंडी मातीत टाकून जाणारी शहामृगी, आणि गरुड. गरुडाच्या घरट्याबद्दल स्पष्ट म्हटलंय की त्याची पिल्लं रक्त पितात. एकशे चाराव्या स्तोत्रातही सिंहाचे छावे गर्जना करून देवाकडेच भक्ष्य मागतात. म्हणजे लिहिणाऱ्याला रक्त दिसत होतं. ते पुसून 'सुंदर जग' आपण केलं, रविवारच्या वर्गासाठी.

आम्ही वसईकडचे कॅथलिक. उपवासकाळात दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं करतो. चौदापैकी एकाही ठिकाणी 'का' याचं उत्तर नाही. नुसतं येशूच्या मागून चालायचं.

१ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनला भूकंप झाला, तो सर्व संतांचा सण होता. लोक चर्चमध्ये होते, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप, मग समुद्र, मग आग. युरोपातल्या पंडितांनी त्यावर वर्षानुवर्षं वाद घातला. आपल्याकडे याला जोड आहेच, पण त्यावर मी बोलणं बरं नाही, तिकडचं कुणी असेल तर लिहील.

माळवद

लिहितो. मी किल्लारीजवळचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून दमून झोपले होते सगळे. मी अकरा वर्षांचा होतो. आमची घरं माळवदाची, दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा म्हणून बापजाद्यांनी बांधलेली. त्याच गारव्याखाली आजी आणि दोन चुलते गेले. सगळ्या पट्ट्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणूस गेलं. जमीन हलली ती निसर्गाची, पण मारलं ते भिंतींनी.

पाऊस लागला होता. लाकडं ओली, सरण पेटत नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी एक पुढारी येऊन म्हणला, पापाचा घडा भरला होता. आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

आणि एक सोलापूरकडची नर्सबाई होती, ख्रिस्ती, पन्नाशीची. गळ्यातल्या क्रुसावरून कळायचं, तोंडाने कधी सांगितलं नाही. मढी ओळखायला आईसोबत तीच गेली. आईला तिने एकदाही काही समजावलं नाही. पत्र्याच्या शेडात आमच्यासारखीच राहिली, थंडी संपेपर्यंत. टायफॉइडने पडली, बरी झाली आणि परत आली. मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही. पण या धाग्यात 'मोलाची' हा शब्द वाचला तेव्हा तीच डोळ्यांसमोर आली.

नास्तिक_नाना

माळवद, दंडवत घ्या. यावर माझ्याकडे टिंगल नाही.

श्टुटगार्टचा_पाहुणा

शब्दाबद्दल थोडं. जर्मनमध्ये बॉनहोफर 'बिलिग' आणि 'टॉयर' हे शब्द वापरतो. बिलिग म्हणजे सेलमध्ये मिळतं ते स्वस्त. टॉयर म्हणजे महाग, आणि जिव्हाळ्याचं, प्रिय असंही. इथे भाजीवाल्याकडे टोमॅटो 'टॉयर' असतात आणि जुन्या पत्रात मित्रही 'टॉयर' असतो. सातभाईंनी 'महाग कृपा' न लिहिता 'मोलाची' लिहिलं, त्यात दोन्ही अर्थ आले.

पुस्तक कुठल्या परिस्थितीत आलं तेही बघा. बॉनहोफर फिंकेनवाल्डला पाळक घडवणारी एक शाळा चालवत होता. नाझींच्या तालावर नाचायला नकार देणाऱ्या चर्चची. १९३७ मध्येच गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती बंद केली. त्याचं म्हणणं होतं की, धर्मसुधारक ल्यूथरने 'केवळ कृपेने' हे वाक्य आयुष्यभराच्या झगड्याचं उत्तर म्हणून लिहिलं आणि वारसदारांनी ते गणिताच्या सुरुवातीचं गृहीतक करून टाकलं. सगळं माफच आहे तर मग हिटलरला सलाम ठोकून रविवारी प्रभूभोजन घ्यायला काय हरकत! सवंग कृपा हा त्याच्यासाठी नुसता पुस्तकी मुद्दा नव्हता, शेजारच्या बाकावर बसलेली माणसं होती.

१९३९ मध्ये तो न्यूयॉर्कला सुखरूप पोचला होता. महिनाभरात परत फिरला. एप्रिल १९४३ मध्ये अटक आणि ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी. दोन आठवड्यांनी अमेरिकन सैन्य तिथे पोचलं. मी गेलो होतो. ग्रॅनाइटची खाण आहे, कैदी तिथे दगड फोडायचे. सभोवती जंगल इतकं सुंदर की राग येतो.

अवांतर: १९३४ मध्ये गांधीजींनी त्याला आश्रमात येऊन राहायचं निमंत्रण दिलं होतं. यायचं राहून गेलं.

आणि निसर्गाच्या प्रश्नाजवळ जाणारं त्याचं वाक्य त्या पुस्तकात नाही, तुरुंगातल्या पत्रात आहे. जुलै १९४४ मध्ये मित्राला लिहितो की, फक्त दुःख सोसणारा देवच मदत करू शकतो. नंतर पाचच दिवसांनी, हिटलरला मारायचा कट फसल्यावर, हेही लिहितो की, त्या पुस्तकातले धोके आता मला दिसतात, तरी मी त्याच्या पाठीशी उभा आहे.

पैठणी

सूक्ष्मदर्शींनी माझी आजी खोटी पाडली तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, बरं झालं. अळीची भृंगी होते हे ऐकायला छान, पण त्यात अळीचं काय झालं हे कुणी विचारतच नाही. सातभाईंच्या भावाला सांगितलेलं फुलाचं वाक्य त्याच जातीचं आहे. फूल खुडणाऱ्याच्या बाजूने रचलेलं.

दौंड_डेमू

रोज केडगाववरून जातो म्हणून लिहितोय. पंडिता रमाबाईंचं नाव अजून कसं आलं नाही?

१८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक उपासमारीने गेली. शास्त्र्यांचं घर. व्रतं झाली, दानं झाली, पुराणं वाचून झाली, पाऊस आला नाही. उरले भाऊ-बहीण, चालत हिंदुस्थानभर फिरले. पुढे भाऊ गेला, नवरा कॉलऱ्याने गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा. आणि १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं, तेव्हा पुण्यात शारदा सदन चाललेलं, तब्येत यथातथा, पैसा नाही. तरी उठून गेल्या. हाडं निघालेल्या पोरी-बायका गोळा करून आणल्या, शेकड्यांनी. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगावच्या माळावर तंबू ठोकले. तेच मुक्ती मिशन. चार वर्षांनी गुजरातेत दुष्काळ पडला, पुन्हा तेच.

दुष्काळ का पडतो याचं उत्तर ज्या बाईने मागायचं, तिने बैलगाड्या मागवल्या. एवढंच मला कळतं.

नास्तिक_नाना

आणि त्या पोरींचा बाप्तिस्मा केला हे सांगायचं राहिलं वाटतं.

दौंड_डेमू

केला. त्यावर तेव्हाही भांडण झालं, आताही करा, वेगळा धागा काढा, मी येतो. इथे प्रश्न गाडीभाड्याचा चाललाय. ते कुणी भरलं?

सूक्ष्मदर्शी

एक शंका, टिंगल नाही. निसर्गातही प्रत्येक घासाची किंमत कुणीतरी मोजतं. मग 'मोलाची कृपा' म्हणजे त्याच नियमाला धर्माचा साज चढवणं झालं ना? गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, हे येशूचंच वाक्य. (वनस्पतिशास्त्राप्रमाणे दाणा मरत नाही, पण ते सोडून देऊ.)

आगाशीकर

इथेच फरक आहे असं मला वाटतं, आणि तो नानांच्या अळीतच सापडला. अळीला कुणी विचारलं नव्हतं. तिच्याकडून किंमत वसूल झाली. त्याला बलिदान म्हणणं हा अळीचा अपमान आहे, आणि डेंगीने गेलेल्या पोराला देवाने 'नेलं' म्हणणं हा त्या पोराचा. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की, माझा जीव माझ्यापासून कुणी घेत नाही, मी होऊन तो देतो. मोलाची कृपा तिथे सुरू होते, देणारा जेव्हा स्वतःच्या खिशात हात घालतो तिथे. नर्सबाई, रमाबाई, खाणीजवळचा तो कैदी.

उलट सवंग कृपा मला मडक्यातल्या त्या पिवळ्या पिल्लासारखी वाटते. दुसऱ्याच्या अंगावर पोसायचं, आणि तो दुसरा जिवंत आहे हे गावीही नसायचं. पिल्लाला दोष नाही, त्याला दुसरं येत नाही. आपल्याला येतं.

नानांच्या बंबाचं उत्तर यात नाही, हे कबूल. पौल रोमकरांना लिहितो की सगळी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हते आहे. कण्हते आहे, एवढं तो म्हणतो. का, ते मलाही पचेलसं कुणी सांगितलेलं नाही. पण आग विझवायला आत शिरलेल्याला मी बाहेर उभं राहून 'लावली कुणी' विचारणार नाही. आत गेल्यावर विचारेन.

नास्तिक_नाना

मी बाहेरूनही विचारणार. पण बादली धरतो.

आडसाली

ही ओळ आवडली नाना.

सातभाई, दुसरं मडकं आहे ना अजून? फोडू नका. शेवग्यावरच्या अळ्या कमी होतील.

सातभाई

सगळ्यांचे आभार. काल भावाकडे गेलो होतो. धाग्यातलं काही सांगितलं नाही. त्याच्या गॅलरीतल्या कुंड्यांच्या ताटल्यांत पाणी साचतं, डास होतात. दोघांनी मिळून सगळ्या ओतल्या आणि घासल्या. तीन वर्षं त्याला त्या कुंड्यांना हात लावायचं धाडस झालं नव्हतं, हे मला काल कळलं. निघताना म्हणाला, पुढच्या रविवारीही ये. चर्चनंतर ये, असं म्हणाला.

मुलीला मडक्यात काय चालतं ते सूक्ष्मदर्शींच्या भाषेत सांगितलं, फ्रिजसकट. प्रार्थनेतलं ते वाक्य अजून परत आलेलं नाही. त्याच्या जागी सध्या "त्या हिरव्या अळ्यांना दुखत असेल तर बघ" असं आहे. मी आमेन म्हणतो.

दुसरं मडकं स्विचबोर्डावर तसंच आहे. रंगारी उद्या येणार. त्याला सांगितलं, तेवढी वीतभर जागा सोड. त्याने मडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "सोडतो साहेब, पण त्याचे पैसे कमी होणार नाहीत."